विश्लेषण : लग्न इथे, संसार अमेरिकेत... पत्नीच्या नावाचे काय?

लग्न ठरते. मुलगा अमेरिकेत नोकरीला असतो, सुट्टी मोजून तीन आठवड्यांची असते आणि हॉलचे बुकिंग, दागिने, व्हिसाची मुलाखत या धावपळीत घरातले कोणीतरी सहज विचारते, 'पासपोर्टवर नवे नाव घालून घ्यायचे ना?' बहुतेक घरांत या प्रश्नावर पाच मिनिटेही चर्चा होत नाही. 'घालायलाच हवे, नाहीतर व्हिसा कसा मिळणार?' असे कोणी ठामपणे सांगते आणि विषय संपतो. प्रत्यक्षात विषय तिथून सुरू होतो. परदेशात गेल्यावर व्हिसा, सोशल सिक्युरिटी क्रमांक, वाहन परवाना, बँक खाते, नोकरी, ग्रीन कार्ड आणि पुढे नागरिकत्व या प्रत्येक टप्प्यावर हा निर्णय पुन्हा समोर येतो. तेव्हा नाव बदलणे खरोखर आवश्यक आहे का, बदलायचे असेल तर कोणत्या क्रमाने आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

लग्नानंतर नाव बदलणे बंधनकारक आहे का?

नाही. भारतात नाही आणि अमेरिकेतही नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ यांपैकी कोणताही कायदा पत्नीने पतीचे आडनाव लावावे असे सांगत नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिणे हा रिवाज आहे, कायद्याची अट नाही. पासपोर्टच्या बाबतीतही हेच लागू आहे. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सोपे करताना विवाहित अर्जदारांना विवाह प्रमाणपत्र जोडण्याची सक्ती काढून टाकली. लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदलण्याची महिलांना गरज नाही, हे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही एप्रिल २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

महाराष्ट्रात मात्र सवय खोलवर रुजलेली आहे. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. विवाहित स्त्रीच्या नोंदीसाठी मात्र स्वतःचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धतच कायम ठेवली. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा त्याच निर्णयात देण्यात आली. म्हणजे सरकारी कागदही ही पद्धत गृहीत धरून चालतात. गृहीत धरणे आणि बंधनकारक असणे यातला फरक घराघरांत पोहोचलेला नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. पासपोर्टच्या नोंदीत पतीचे नाव जोडीदार म्हणून नोंदवणे वेगळे आणि स्वतःचे नाव बदलणे वेगळे. पहिली गोष्ट करण्यासाठी दुसरी करावी लागत नाही.

नाव तेच ठेवले तर व्हिसा अडतो का?

अडत नाही. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या पत्नीला किंवा पतीला एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो. त्यासाठी लग्न झाल्याचा पुरावा लागतो, आडनाव एकच असल्याचा नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, त्यावर दोघांची पासपोर्टप्रमाणे नावे आणि आवश्यक तिथे लग्नाचे फोटो, एवढ्यावर नाते सिद्ध होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात वेगवेगळी आडनावे असलेली जोडपी रोजच येतात. अधिकाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही.

ग्रीन कार्डच्या अर्जातही तसेच. लग्न खरे आहे का हे तपासताना एकत्र राहण्याचा भाडेकरार, सामायिक बँक खाते, विम्यातील वारसनोंद, कराचे विवरणपत्र अशा गोष्टी पाहिल्या जातात. आडनाव एकच आहे म्हणून लग्न खरे ठरत नाही आणि वेगळे आहे म्हणून खोटे ठरत नाही.

व्हिसाच्या डीएस-१६० या अर्जात मात्र एक प्रश्न असतो : पूर्वी दुसरे कोणते नाव वापरले आहे का? माहेरचे नाव, धार्मिक नाव, व्यवसायातले नाव असे सगळे त्यात येते. लग्नाच्या पत्रिकेवर नवे नाव छापले आणि कागदोपत्री कुठेच वापरले नाही, तर ते फक्त रिवाजापुरते. पण आधार, बँक किंवा पॅनवर नवे नाव चढले असेल, तर ते इथे प्रामाणिकपणे नोंदवावे. लपवलेले नाव पुढे सापडले की संशयाचे कारण होते. नोंदवलेले नाव मात्र नुसती माहिती ठरते.

मराठी नावाचा अमेरिकी रकान्यांत घोळ का होतो?

कारण आपले नाव तीन शब्दांचे आणि पासपोर्टचे रकाने दोन. भारतीय पासपोर्टवर एक रकाना आडनावाचा आणि दुसरा नावाचा. मधल्या नावासाठी वेगळा रकाना नाही. त्यामुळे वडिलांचे नाव मुलीच्या नावाला चिकटून पहिल्याच रकान्यात जाते.

समजा, पासपोर्टवर नाव आहे 'स्नेहा विनायक' आणि आडनाव 'जोशी'. अमेरिकी व्हिसावर आणि प्रवेशाच्या नोंदीत 'स्नेहा विनायक' हेच पहिले नाव ठरते. विमानाच्या तिकिटावर ते कधी 'स्नेहाविनायक' असे जोडून छापले जाते. वाहन परवान्यावर 'विनायक' हे मधले नाव होऊ शकते. सोशल सिक्युरिटी प्रशासन तर मधले नाव कायदेशीर नावाचा भाग मानतच नाही, त्यांच्या लेखी पहिले नाव आणि आडनाव एवढेच महत्त्वाचे. एकाच बाईची तीन-चार रूपे नाव न बदलताही तयार होतात.

आता यात लग्नानंतरचा बदल मिसळा. 'स्नेहा विनायक जोशी'ची 'स्नेहा अमित देशपांडे' झाली. अमेरिकी कारकुनाला आडनाव बदलणे ठाऊक असते, पती देशपांडे म्हणून पत्नी देशपांडे हे त्याला विवाह प्रमाणपत्रावरून कळते. पण पहिल्याच रकान्यातले 'विनायक' जाऊन तिथे 'अमित' का आले, हे त्याच्या पद्धतीत बसत नाही. वडिलांच्या जागी पतीचे नाव येते ही कल्पनाच तिथे नाही. आणि पहिले नावही बदलून 'सानिका अमित देशपांडे' झाले असेल, तर जुन्या आणि नव्या नावात एकही शब्द सारखा उरत नाही. संगणकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात.

स्पेलिंगचा वेगळाच ताप. 'वाघमारे' सासरी 'डब्ल्यू'ने लिहितात की 'व्ही'ने, 'दीक्षित'मध्ये 'आय' एक की 'ई' दोन, हे देवनागरीत दिसत नाही, रोमन लिपीत मात्र फरक पडतो. पत्नीने आडनाव घेतले तरी स्पेलिंग पतीच्या पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळले नाही, तर कागदोपत्री ती तिसरेच आडनाव लावत असते.

काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा किंवा नावाचा रकाना रिकामाच असतो. अशा वेळी अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरे येतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. ती पुढे परवान्यावर आणि बँकेतही उमटतात. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश देणे थांबवले. म्हणून पासपोर्टवर दोन्ही रकाने भरलेले असणे, ही नाव बदलण्याच्या आधीची पायरी आहे.

बदलायचेच ठरले तर सुरुवात कुठून?

मुळापासून, म्हणजे पासपोर्टपासून. परदेशात गेलेल्या व्यक्तीचे बाकी सगळे कागद पासपोर्टवरील नावाच्या आधाराने उभे राहतात. क्रम असा असावा : आधी विवाह नोंदणी, मग पासपोर्ट, मग व्हिसाचा अर्ज, मग तिकीट. हा क्रम उलटला की गुंता सुरू होतो.

महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या कायद्यानुसार महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे होते. प्रमाणपत्र हातात आल्यावर दोघांच्या नावांची स्पेलिंग, जन्मतारखा आणि लग्नाची तारीख तिथल्या तिथे तपासावी. पुढे दहा ठिकाणी हाच कागद दाखवायचा असतो. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल, तर अमेरिकी स्थलांतर खात्यासाठी त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

पतीचे आडनाव लावण्यासाठी पासपोर्टच्या फेरअर्जात विवाहाचा पुरावा दिला की काम भागते. पहिले नाव पूर्ण बदलायचे असेल, तर प्रकरण वेगळे होते. तिथे प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहिरात, राजपत्रातील नोंद अशा गोष्टी लागतात. राज्याच्या राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो, पण प्रसिद्धीला लागणारा वेळ हिशेबात धरायला हवा.

इथे एक सोपा मधला मार्ग आहे. नावाच्या रकान्यात वडिलांचे किंवा पतीचे नाव असलेच पाहिजे असे बंधन नाही. ज्यांना पतीचे आडनाव हवे आहे, त्यांनी फक्त आडनाव बदलले आणि नावाच्या रकान्याला हात लावला नाही, तर अमेरिकी पद्धतीत हा बदल सहज समजतो. पहिले नाव बदलणे मात्र ज्याने त्याने दोनदा विचार करूनच करावे.

व्हिसा मिळाल्यावर पासपोर्टवरील नाव बदलले तर?

ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक. साखरपुड्यानंतर किंवा नोंदणी विवाहानंतर जुन्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा मिळतो. मग घरच्यांच्या आग्रहाने पासपोर्ट नव्या नावाने काढला जातो. आता व्हिसा जुन्या नावाचा, पासपोर्ट नव्या नावाचा. नुसता पासपोर्ट संपला आणि त्याच नावाने नवा घेतला, तर जुन्या पासपोर्टमधील वैध व्हिसा नव्या पासपोर्टसोबत चालतो. पण नाव बदलले असेल, तर अमेरिकी परराष्ट्र खाते नवा व्हिसा घेण्याची शिफारस करते. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा मुलाखतीची तारीख. तोवर पती परत कामावर रुजू झालेला असतो.

म्हणून नियम साधा आहे. ज्या नावावर व्हिसा, त्याच नावावर प्रवास आणि ज्या नावाचा पासपोर्ट, त्याच नावाचे तिकीट. नाव बदलायचे राहून गेले असेल, तर घाई न करता पुढच्या पासपोर्ट नूतनीकरणापर्यंत थांबता येते. अमेरिकेत असतानाही भारतीय दूतावासाच्या यंत्रणेतून नव्या नावाने पासपोर्ट मिळतो. एच-४ च्या मुदतवाढीचा अर्ज त्यानंतर केला, तर नव्या मंजुरीपत्रावर नवे नाव आणता येते.

सोशल सिक्युरिटी, परवाना आणि नोकरी : इथे नाव का अडते?

एच-४ वर गेलेल्या पत्नीला काम करण्याची परवानगी नसेल, तर सर्वसाधारणपणे सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. कराच्या कामासाठी तिला 'आयटीआयएन' हा वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. मे २०१५ पासून ठरावीक एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला. तो प्रामुख्याने ज्यांच्या पतीचा किंवा पत्नीचा ग्रीन कार्डचा प्राथमिक अर्ज मंजूर झाला आहे, अशांना. परवाना मिळाला की सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळतो आणि तो देताना परदेशी नागरिकाचे नाव स्थलांतर खात्याच्या कागदावरून घेतले जाते. घरात, समाजात, फेसबुकवर नाव काहीही असो, तिथे स्थलांतराचा कागदच बोलतो.

या नावावर पुढची साखळी उभी राहते. कराच्या विवरणपत्रातील नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळले नाही, तर परतावा रखडतो. नोकरी देणारी कंपनी 'ई-व्हेरिफाय' यंत्रणा वापरत असेल आणि नाव जुळले नाही, तर 'विसंगती' असा शेरा येतो. त्यावर कर्मचाऱ्याला सरकारी कामकाजाच्या ८ दिवसांच्या आत संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा लागतो. काहीही गैर केले नसताना नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःची ओळख सिद्ध करत बसण्याची वेळ येते.

वाहन परवान्याचेही तसेच. राज्यांची परिवहन कार्यालये स्थलांतर खात्याच्या नोंदींशी नाव ताडून पाहतात. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासासाठी 'रिअल आयडी'ची अंमलबजावणी सुरू झाली. त्यासाठी सादर केलेल्या कागदांवर नावे वेगवेगळी असतील, तर एका नावातून दुसऱ्या नावापर्यंतचा दुवा जोडणारे कागद दाखवावे लागतात. जिच्या नावात एकच बदल झाला, तिला एक विवाह प्रमाणपत्र पुरते. जिचे पहिले नावही बदलले, तिला राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र असे सगळे बाड सांभाळावे लागते.

शिक्षणाच्या कागदांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पदवी, गुणपत्रिका, नोंदणी परिषदेचे दाखले माहेरच्या नावाचे असतात आणि बहुधा तसेच राहतात. नर्सिंग, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, अध्यापन अशा परवाना लागणाऱ्या व्यवसायांत पदवीचे मूल्यांकन होताना प्रत्येक टप्प्यावर 'ही तीच व्यक्ती' हे दाखवावे लागते. शिकलेल्या मुलीने नाव न बदलण्याचे यापेक्षा व्यावहारिक कारण दुसरे नसेल.

ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या वेळी काय?

ग्रीन कार्ड जुन्या नावाने मिळाले आणि नंतर नाव कायदेशीररीत्या बदलले, तर आय-९० हा अर्ज भरून विवाह प्रमाणपत्रासारख्या पुराव्यासह नवे कार्ड घेता येते. अर्ज प्रलंबित असतानाच नाव बदलले असेल, तर ते खात्याला कळवणे हिताचे.

ज्यांना नाव बदलायचे आहे, पण घाई नाही, त्यांच्यासाठी नागरिकत्वाचा टप्पा सोयीचा असतो. एन-४०० या अर्जातच नाव बदलण्याची इच्छा नोंदवता येते. विवाहामुळे नाव आधीच बदलले असेल, तर पुराव्याच्या आधारे नागरिकत्व प्रमाणपत्र त्या नावाने मिळते. पूर्णपणे नवे नाव घ्यायचे असेल, तर मात्र शपथविधी न्यायालयात व्हावा लागतो. स्थलांतर खात्याच्या स्वतःच्या कार्यक्रमात तो अधिकार नसतो. नाव रुळावर आणण्याची ही संधी अनेकांनी वापरली आहे. वडिलांचे नाव मधल्या रकान्यात नेणे किंवा 'एफएनयू' काढून टाकणे इथे जमते. त्यानंतर अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड एकाच नावाने घ्यावे. प्रमाणपत्र मिळाल्यावर पुन्हा नाव बदलले, तर एन-५६५ हा अर्ज आणि त्याचे शुल्क आहेच.

लग्न अमेरिकेतच झाले तर?

तिथे विवाह राज्यांच्या अखत्यारीत येतो आणि प्रत्येक राज्याची रीत वेगळी. कॅलिफोर्नियात २००९ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार पती वा पत्नी, दोघांपैकी कोणीही विवाह परवान्याच्या अर्जातच लग्नानंतरचे नाव नोंदवू शकते. तो रकाना भरताना निर्णय पक्का हवा, कारण नंतर नाव घालण्यासाठी परवान्यात दुरुस्ती होत नाही, न्यायालयात जावे लागते. न्यूयॉर्कमध्येही आडनावाची निवड परवान्याच्या वेळीच होते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आणि तिथेच नोंदणी विवाह करणाऱ्या मराठी मुला-मुलींनी हा रकाना रांगेत उभे असताना नव्हे, तर आधी घरी बसून विचार करून भरावा. भारतीय पासपोर्टवर ते नाव आणायचे, की फक्त अमेरिकी कागदांवर, हेही तेव्हाच ठरवावे. दोन देशांत दोन नावे ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय.

सगळे देश सारखे नाहीत, हेही लक्षात ठेवावे. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९८१ पासून विवाहित स्त्री जन्मनावानेच आपले कायदेशीर हक्क बजावते. तिथे स्थायिक झालेल्यांना लग्नाच्या आधारावर आडनाव बदलून मिळत नाही. ज्या देशात जायचे, तिथली रीत आधी पाहणे शहाणपणाचे.

भारतातील कागदांचे काय करायचे?

पासपोर्टवरील नाव बदलले, तर आधार, पॅन, बँक खाती, म्युच्युअल फंड, विमा आणि मालमत्तेच्या नोंदी यांचाही विचार करावा लागतो. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. लग्नानंतर एकदा बदलले, की उरलेली संधी एकच. पॅन आणि आधारवरील नावे जुळली नाहीत, तर त्यांची जोडणी अडते आणि त्यामागोमाग गुंतवणूक. आई-वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा असेल, तर सातबारा किंवा खरेदीखतावरील माहेरचे नाव आणि पासपोर्टवरील सासरचे नाव यांचा दुवा वीस वर्षांनी, परदेशातून, मुखत्यारपत्राच्या मदतीने जोडावा लागतो. त्यासाठी विवाह प्रमाणपत्राच्या मूळ प्रती, जुने पासपोर्ट आणि राजपत्राची प्रत कधीही टाकून देऊ नये.

परतीची वाट किती सोपी?

लग्नाच्या घरात हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणूनच तो इथे विचारायला हवा. एच-४ हा दर्जा पतीच्या व्हिसावर अवलंबून असतो आणि घटस्फोट झाला की तो संपतो. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मिळालेले विवाहावर आधारित ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या अटीवर असते आणि त्या अटी हटवण्यासाठी सामान्यतः दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. छळ सोसणाऱ्या पती वा पत्नीसाठी अमेरिकी कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. पण ज्या स्त्रीचा राहण्याचा हक्क, बँक खाते आणि नावही पतीशी बांधलेले आहे, तिला बाहेर पडताना प्रत्येक कागद नव्याने उभा करावा लागतो.

अमेरिकी न्यायालये घटस्फोटाच्या आदेशातच जुने नाव परत देऊ शकतात. तरी भारतीय पासपोर्ट, आधार, पॅन यांची वारी पुन्हा करावीच लागते. भारतात तर माहेरचे आडनाव परत लावण्यासाठी घटस्फोटाचा आदेश किंवा पतीची ना-हरकत मागणाऱ्या केंद्रीय राजपत्राच्या अटीला २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले. सासरचे नाव घेताना कोणाची परवानगी लागली नाही आणि स्वतःचे परत घेताना मात्र विचारावे लागते, हा उफराटा न्याय आहे. नाव बदलणे ही जाताना उतरणीची आणि येताना चढणीची वाट आहे, हे बदलण्याआधी माहीत असायला हवे.

मग निर्णय कोणाचा?

पतीचे आडनाव लावणे चूक नाही. अनेकींना ते मनापासून हवे असते, मुलांसह घराचे एकच आडनाव असावे असे वाटते आणि तो त्यांचा अधिकार आहे. चूक आहे ती हा निर्णय 'व्हिसासाठी लागतोच' अशा ऐकीव माहितीवर घेण्यात, किंवा तिला न विचारता घेण्यात. कारण नाव बदलण्याचा आग्रह घर धरते, पण त्याचे ओझे एकटी पत्नी वाहते. नव्या शहरात, कामाचा परवाना नसताना, गाडी चालवता येत नसताना, कार्यालयांच्या रांगेत ती उभी असते. पतीचा एकही कागद बदललेला नसतो.

म्हणून बोलणी करतानाच, हॉल ठरण्याआधी, हा विषय निघायला हवा. तिने तीन प्रश्न विचारावेत. मला नाव बदलायचे आहे का? बदलायचे तर किती, फक्त आडनाव की सगळेच? आणि व्हिसाच्या आधी की नागरिकत्वाच्या वेळी? उत्तर 'नाही' असेल, तर पुढे काहीच करायचे नाही, हाच सर्वांत सोपा मार्ग. उत्तर 'हो' असेल, तर पासपोर्टपासून सुरुवात करून एका नावावर ठाम राहायचे. आणि विवाह नोंदणी कार्यालयांनीही एक छोटे काम करावे : 'विवाहानंतर नाव बदलणे बंधनकारक नाही' ही एक ओळ खिडकीवर ठळक अक्षरांत लावावी. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ती वाचता येईल. पासपोर्टच्या अर्जात नावाचा रकाना भरताना त्यातल्या अनेकींना ती आठवेलही.